गावची बातमी कोण लिहितं?



आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या आणि सीमाभागातल्या जैन समाजाचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास नकाशावर मांडायला घेतला तर मोठ्या शहरांची नावं फारशी येत नाहीत. १८९९ साली दक्षिण महाराष्ट्र जैन सभा स्थापन झाली ती निपाणीजवळच्या स्तवनिधीला. आचार्य शांतिसागर महाराजांचा जन्म १८७२ चा, येळगूळ या खेड्यातला. त्यांचं घर भोजला, दूधगंगा-वेदगंगेच्या संगमावर. मुनिदीक्षा १९२० मध्ये यरनाळला. आचार्यपद १९२४ मध्ये समडोळीला. समाधी १९५५ मध्ये कुंथलगिरीला. कर्मवीर भाऊराव पाटील जन्मले कुंभोजला, १८८७ मध्ये, आणि त्यांनी रयत शिक्षण संस्थेचं रोप लावलं ते कऱ्हाडजवळच्या काले गावी, १९१९ मध्ये.

ही सगळी गावं अशी की एसटीची पाटी बघितल्याशिवाय बाहेरच्या माणसाला सापडायची नाहीत. त्या त्या दिवशी तिथे जे घडलं ती त्या गावापुरती बातमीच होती. "उद्या बस्तीत महाराज येणार आहेत", "पाटलांच्या लेकीला मुलगा झाला", "स्तवनिधीच्या यात्रेत सभा भरणार आहे." आज आपण त्याला इतिहास म्हणतो. म्हणून मला वाटतं, गावची बातमी ही लहान गोष्ट नाही. ती कोण सांगत होतं, कोण लिहीत होतं आणि त्या लिहिण्यात आपण बायका कुठे होतो, हे एकदा नीट बघू या.

दगडावरची बातमी

श्रवणबेळगोळला आपण सगळ्याच जाऊन आलोय. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत कोरलेली एक ओळ आहे. मराठीतल्या अतिशय जुन्या लेखांमध्ये तिची गणना होते, शाळेच्या पुस्तकातही आपण ती शिकलो. त्यात आहे काय? चावुंडरायांनी हे करवलं, एवढंच. तीच गोष्ट शेजारी कन्नड आणि तमिळ लिपीतही कोरली आहे. म्हणजे ती एक जाहीर बातमी आहे, तीन भाषांच्या यात्रेकरूंना कळावी म्हणून लिहिलेली. कोणी केलं, काय केलं. आपल्या मराठीच्या जुन्या ओळखीत एक जैन बातमी आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण त्याच डोंगरावर दुसरी एक गोष्ट सांगतात. चावुंडरायांनी मोठ्या थाटात घागरींनी दूध ओतलं, तरी ते मूर्तीच्या खालपर्यंत उतरेना. शेवटी एका म्हातारीने गुळ्ळकायीच्या, म्हणजे एका लहानशा फळाच्या, करवंटीतून आणलेलं दूध वाहिलं आणि पायापर्यंत अभिषेक झाला. ती गुळ्ळकायज्जी. तिची मूर्ती आजही भगवंतांच्या समोर उभी आहे. तिचं खरं नाव मात्र कुणालाच माहीत नाही, जे उरलं ते तिच्या हातातल्या भांड्याचं. मंत्र्याचं नाव दगडावर आहे आणि आजीचं नाव लोकांच्या तोंडी, तेही टोपणनाव. पुढे येणाऱ्या सगळ्या गोष्टींची ही जणू सुरुवातच आहे.

तरीही त्या काळी बायकांची नावं लिहिलीच जात नव्हती असं मुळीच नाही. गदगजवळचं लक्कुंडी घ्या. आज ते खेडंच आहे. तिथल्या ब्रह्म जिनालयाशी जोडलेला १००७ सालचा शिलालेख अत्तिमब्बेचा आहे. नवरा नागदेव लढाईत पडला. मागे राहिलेल्या अत्तिमब्बेने उरलेलं आयुष्य जिनधर्माच्या कामात घातलं. कवी पोन्नाच्या शांतिपुराणाच्या तिने हजार प्रती लिहवून वाटल्या असं परंपरा सांगते. छापखाना नव्हता, एकेक ताडपत्र हाताने कोरायचं. हजार प्रती म्हणजे किती लेखकांना किती महिने बसवून जेवू घातलं असेल, हिशेब करून बघा. आपण घरात वीस पाहुणे आले तर दोन दिवस आधी यादी करतो. कवी रन्नाने अजितपुराण लिहिलं तेही तिच्याच आश्रयाने. लोकांनी तिला दानचिंतामणी म्हटलं.

मूडबिद्रीला जपून ठेवलेल्या सिद्धान्तग्रंथांचीही अशीच हकीकत आहे. महाबंधाच्या ताडपत्री प्रतीच्या शेवटी मल्लिकाब्बे नावाच्या बाईचा उल्लेख आहे. तिने श्रीपंचमी व्रताचं उद्यापन केलं, आणि त्या उद्यापनात हा ग्रंथ लिहवून माघनंदी मुनींना दिला. आपण आज उद्यापनाला ताट, तांब्या, छत्र-चामर देतो, शेजारणींना वाण देतो. तिने अख्खा आगम दिला. एका घरातल्या व्रताची ही बातमी ग्रंथाच्या शेवटच्या पानावर नोंदली गेली म्हणून आज आपल्याला तिचं नाव घेता येतं. अमरावतीला डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड छापून १९३९ मध्ये प्रसिद्ध केला आणि मूडबिद्रीच्या भांडारात बंद असलेले सिद्धान्तग्रंथ घरोघर जायची वाट मोकळी झाली. त्या भांडारातली ताडपत्रं शतकानुशतकं टिकली त्याला अशा बायकांची उद्यापनं कारण आहेत.

दवंडी, सांगावा आणि उपाध्ये

शिलालेख काही रोज कोरत नाहीत. रोजच्या बातमीला गावात वेगळ्या वाटा होत्या. सरकारी हुकमाला दवंडी. बस्तीच्या कामाला उपाध्ये. अष्टान्हिका कधी लागते, यंदा अनंत चतुर्दशी कोणत्या वारी, श्रुतपंचमीला शास्त्रजी कुणाकडून निघणार, हे उपाध्ये घरोघर सांगून जायचे. लग्नाचं अक्षत द्यायला जाताना दहा गावच्या खबरी घेऊन माणसं परत यायची. आणि आठवड्याचा बाजार तर होताच.

बायकांची वाट वेगळी होती. सासरी आलेली लेक सणाला माहेरी जायची आणि परत येताना तिच्याबरोबर शिदोरीइतक्याच बातम्या यायच्या. कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं, कुणाच्या सासूने दशलक्षणात दहा दिवसांचे उपवास केले, कुठल्या बस्तीत नवीन मानस्तंभ उभा राहतोय. विहिरीवर पाणी गाळताना, जात्यावर दळताना हे सगळं एका घरातून दुसऱ्या घरात जायचं. ही बातमी पक्की असायची, कारण सांगणारीला पुढच्या सणाला त्याच गावात जायचं असायचं. खोटं बोलून चालायचं नाही.

एक गोष्ट माझ्या फार मनात भरली. शांतिसागर महाराज जन्मले ते येळगूळला, आणि येळगूळ हे त्यांचं आजोळ. भाऊराव जन्मले कुंभोजला, तेही त्यांचं आजोळ. बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. म्हणजे या दोन मोठ्या माणसांच्या जन्माची पहिली बातमी बायकांच्या घोळक्यातून बाहेर आली, आणि मग साखर घेऊन कुणीतरी वडिलांच्या गावाला गेलं. चरित्राच्या पहिल्या ओळीत ज्या गावाचं नाव येतं ते आईच्या माहेराचं. इतिहासाने आपल्या माहेरांची नावं अशी ठेवली आहेत, फक्त आपण ती तशी वाचत नाही.

छापील बातमी

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छापखाने आले आणि बातमीचं रूप बदललं. सोलापूरला हिराचंद नेमचंद दोशी यांनी जैन बोधक सुरू केलं. पुढे दक्षिण महाराष्ट्र जैन सभेचं प्रगती आणि जिनविजय गावोगाव जाऊ लागलं. कोल्हापूरला जैन बोर्डिंग निघालं, खेड्यातली मुलं तिथे राहून शिकू लागली आणि सुट्टीत घरी येताना अंक घेऊन येऊ लागली. अण्णासाहेब लठ्ठ्यांसारखी माणसं लिहीत होती, मुलांना शिकवा, खर्चीक चाली सोडा, मुलींनाही शाळेत घाला. या छापील कागदाने समाजाचं फार भलं झालं यात शंका नाही. माझ्या आजेसासऱ्यांना लिहिता-वाचता येत होतं ते या चळवळीमुळेच.

पण छापील बातमीला एक खोड लागली. ती अध्यक्षांपासून सुरू होते आणि देणगीदारांवर संपते.

आमच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. सासऱ्यांनी जपलेल्या जुन्या पत्रिका, पंचकल्याणकाच्या, वेदीप्रतिष्ठेच्या, रथोत्सवाच्या. दिवाळीच्या आधी मी एक एक उघडून बघितली. इंद्र-इंद्राणीचा सवाल कुणी घेतला, ध्वजारोहण कुणाच्या हस्ते, मंडप कुणाचा, सगळं आहे. बायकांचं नाव येतं ते "सौ. व श्री." या जोडीत, नाहीतर "यांच्या मातोश्री" म्हणून. पाच दिवस हजारो माणसं जेवली असतील. तो स्वयंपाक सूर्यास्ताच्या आत, कंदमूळ वगळून, पाणी गाळून कुणी केला, त्याची कुणी आखणी केली, याबद्दल एक अक्षर नाही. "भोजनाची व्यवस्था उत्तम होती." बस्स. व्यवस्था काय आपोआप होते?

ताडपत्रावर मल्लिकाब्बे मल्लिकाब्बे म्हणून होती, दगडावर अत्तिमब्बे अत्तिमब्बे म्हणून. आठशे-हजार वर्षांनी छापखाना आला आणि आपण "मातोश्री" झालो. हे कुणी ठरवून केलं असं मी म्हणत नाही. अहवाल लिहिणारे मंडपात बसलेले होते, त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहिलं. चुलीपाशी लिहिणारं कुणी नव्हतं.

बातमी लागायची ती चौक्याला

खरं तर आपल्या गावात बातमीची सगळ्यात जास्त गरज कुणाला होती? बाईला. कारण मुनिमहाराजांचा विहार.

शांतिसागर महाराजांनी दिगंबर मुनिचर्या पुन्हा गावोगाव दाखवली तेव्हाचा काळ डोळ्यांपुढे आणा. कित्येक पिढ्यांनी नग्न मुनींचा विहार असा उघडपणे बघितला नव्हता. महाराज दिवसातून एकदाच आहार घेणार, उभ्याने, ओंजळीत. कोणत्या दारी थांबतील ते आधी ठरलेलं नाही. त्यांनी मनात घेतलेला नियम जिथे जुळेल तिथेच पाय थांबणार. म्हणजे एका घरापुढे थांबायचे असले तरी दहा घरांत चौका तयार हवा. पहाटे उठून अंघोळ, शुद्ध वस्त्र, विहिरीचं ताजं पाणी, ते दुहेरी कापडातून गाळायचं, गाळण्यावरचे जीव त्याच पाण्यात परत सोडायचे. पीठ घरी दळलेलं, मर्यादेच्या आतलं. दूध काढल्यावर दोन घटकांच्या आत तापवायचं. एवढं करून पडगाहनाला उभं राहायचं, आणि महाराज पुढे निघून गेले तर डोळ्यांतलं पाणी आवरून म्हणायचं, आपलं पुण्य कमी पडलं. आहार सुरू झाला आणि ओंजळीत केस निघाला तर अंतराय, आहार तिथेच संपला. त्या बाईच्या मनावर केवढं दडपण!

आता सांगा, उद्या महाराज या वाटेने येणार ही खबर एक दिवस उशिरा कळून चालेल? पुरुषांना उशिरा कळलं तर स्वागताला उशीर. बाईला उशिरा कळलं तर साधूला उपवास. म्हणून विहाराची खबर पुढच्या गावाला नेण्यासाठी माणूस धावायचा तो सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी यायचा. १९२४ ला समडोळीला आचार्यपदाचा सोहळा झाला, १९२७ ला कुंभोजच्या बाहुबलीहून सम्मेदशिखरजीकडे संघ निघाला. शेकडो मैलांची ती पायवाट. चरित्रांमध्ये संघपतींची नावं आहेत आणि ती असायलाच हवीत. पण प्रत्येक मुक्कामावर पहाटे कुणीतरी विहिरीवर पोहरा सोडला होता. त्याशिवाय संघ एक मजलही पुढे गेला नसता.

पुढे १९५५ साल. कुंथलगिरी तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. कुलभूषण-देशभूषण मुनींचं ते सिद्धक्षेत्र, एरवी शांत. १४ ऑगस्टला महाराजांनी सल्लेखना घेतली आणि १८ सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, समाधी साधली. त्या छत्तीस दिवसांत वर्तमानपत्रं आणि रेडिओ या खेड्याचं नाव घेत होते. ८ सप्टेंबरला महाराजांचा शेवटचा उपदेश ध्वनिमुद्रित झाला, आणि तो मराठीत आहे, ही आपल्यासाठी केवढी ठेव! दगड, दवंडी, कागद यानंतर आवाजच जपला गेला. आमच्या सासूबाई तेव्हा लहान होत्या. त्या सांगायच्या, घरात रेडिओ नव्हता, बस्तीसमोरच्या एका दुकानात होता. बाप्ये आत बसायचे आणि बायका रस्त्याच्या पलीकडे पदर सावरून उभ्या राहून ऐकायच्या. ऐकू काय यायचं? अर्धं. उरलेलं तोंडं बघून समजायचं. शेवटच्या दिवशी बाप्यांनी टोप्या काढल्या तेव्हा पलीकडे कळलं.

कुंभोजची लेक

लिहिली न गेलेली बातमी कशी टिकते याचंही एक उदाहरण आपल्याच घरचं आहे. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्यांचं माहेरही कुंभोजचंच, खात्यापित्या पाटलाचं घर. अंगावर भरपूर सोनं घेऊन सासरी आलेल्या. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेली ही बाई साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत जेवू घालू लागली. आजच्या काळात हे वाचायला सोपं आहे. शंभर वर्षांपूर्वी आपल्या घरात ते किती अवघड होतं, हे आपल्या आज्यांना विचारा. एकेक करत दागिने मुलांच्या पोटासाठी गेले. एकदा भाऊराव गावाला गेलेले आणि कोठीत धान्य संपलेलं. तेव्हा त्यांनी गळ्यातलं मंगळसूत्र देऊन मुलांसाठी शिधा आणला. त्या १९३० मध्ये गेल्या, पन्नाशी काय, चाळिशीही दूर असावी अशा वयात.

ही गोष्ट त्या दिवशी कुठल्या अंकात छापून आली नव्हती. त्या मुलांनी ती मनात ठेवली, मोठी झाल्यावर सांगितली, आणि रयत एवढी मोठी झाली म्हणून ती आपल्यापर्यंत पोहोचली. संस्था वाढली नसती तर? ज्यांच्या पतीच्या नावाची संस्था झाली नाही, अशा किती लक्ष्मीबाई आपल्या गावांतून होऊन गेल्या असतील?

आजची बातमी

आता बातमीला उशीर होत नाही. आमच्या गावच्या बस्तीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, तुमच्याही असेल. महाराजांचा विहार सकाळी निघाला की पाच मिनिटांत फोटो. कुणाची समाधी झाली, कुणाला मुलगा झाला, पाण्याचा टँकर कधी येणार, सगळं तिथे. पण आज आलेली बातमी उद्या शंभर "जय जिनेंद्र" आणि फुलांच्या चित्रांखाली गाडली जाते. मोबाइल बदलला की तीही गेली. ताडपत्र शेकडो वर्षं टिकलं, पत्रिका ट्रंकेत साठ वर्षं टिकली, आणि आपला ग्रुपचा मजकूर दोन दिवाळ्याही टिकत नाही.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या एक आक्का गेल्या. चाळीस वर्षं गावात कुणीही साधू-आर्यिका येवोत, चौक्याची किल्ली त्यांच्या कमरेला. कोणत्या माताजींना दूध चालत नाही, कुणाचा रसत्याग कोणत्या वारी, कुणाला मुगाचं पाणी पचतं, सगळं त्यांच्या डोक्यात. नवीन सुना यायच्या, त्यांना पाणी गाळण्यापासून शिकवायच्या, रागवायच्या, मग जवळ घ्यायच्या. त्या गेल्या तेव्हा ग्रुपवर मजकूर आला, अमक्या अमक्यांच्या मातोश्रींचं दुःखद निधन, अंत्यविधी अमुक वाजता. त्यांचं स्वतःचं नाव त्यात नव्हतं. पुढच्या चातुर्मासात चौका लावताना आम्ही सहाजणी एकमेकींकडे बघत होतो. मेथीचं पीठ किती दिवसांच्या मर्यादेचं? कुणालाच छातीठोक सांगता येईना. एक बाई गेली आणि तिच्याबरोबर अख्खा ग्रंथ गेला.

तेव्हा मी आमच्या महिला मंडळात सुचवलं, बस्तीत बायकांची एक वही ठेवू या. लगेच एका काकींनी हरकत घेतली, आणि ती हरकत हलकी नव्हती. त्या म्हणाल्या, "दान गुप्त असावं. नाव लिहायला लागलो की मान कषाय वाढणार. हिने लिहिलं, माझं का नाही लिहिलं, यावरून भांडणं होतील." मी बरेच दिवस यावर विचार केला. मान कषाय खराच वाईट, आणि सवालाच्या वेळी आपण तो डोळ्यांनी बघतो.

पण श्रुतपंचमीची कथा आठवा. गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेनाचार्यांना दिसलं की आपल्यामागे हे ज्ञान स्मरणात ठेवणारं कुणी उरणार नाही. त्यांनी दक्षिणापथाच्या मुनिसंघाला पत्र पाठवलं. संघाने दोन मुनी धाडले, ते पुष्पदंत आणि भूतबली. त्यांनी षट्खंडागम लिहून काढला आणि ज्येष्ठ शुद्ध पंचमीला चतुर्विध संघाने त्या ग्रंथाची पूजा केली. मुखोद्गत ज्ञानच खरं, असं म्हणून ते आचार्य थांबले असते तर आज आपल्या हातात काय असतं? ते लिहिणं मानासाठी नव्हतं, विसरण्याच्या भीतीने होतं. आपली वहीही तशीच असू दे. रक्कम लिहायची नाही. कुणी किती दिलं ते पावतीपुस्तकात आहेच. काम लिहायचं, रीत लिहायची, आणि करणारीचं नाव तिच्या स्वतःच्या नावाने.

काकींनी मग एक अट घातली. वहीत पहिलं नाव जिवंत बाईचं नको. मला ती फार पटली. आमच्या वहीचं पहिलं पान त्या आक्कांचं आहे.

आम्ही काय लिहितो ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. महाराज किंवा माताजी कधी आले, किती दिवस राहिले, चौका कुणाकुणाकडे लागला. कुणी कोणतं व्रत घेतलं, उद्यापन कधी झालं. दशलक्षणात कुणी किती उपवास केले. कुणाची समाधी झाली, शेवटी जवळ कोण होतं, काय ऐकवलं. कोणत्या पिठाची, कोणत्या मसाल्याची मर्यादा पावसाळ्यात किती, हिवाळ्यात किती, उन्हाळ्यात किती. गावात नवीन सून आली तर तिचं माहेरचं गाव. आणि जी बातमी आनंदाची नाही तीही. ज्या वर्षी पुराचं पाणी बस्तीच्या पायऱ्यांपर्यंत आलं त्या वर्षी मूर्ती कुणाच्या घरी ठेवल्या, स्वयंपाक कुठे शिजला, हेही.

२००१ च्या जनगणनेत आपल्या जैन स्त्रियांची साक्षरता ९०.६ टक्के होती, देशातल्या सगळ्या धर्मांत सर्वांत जास्त. मल्लिकाब्बेला लेखक बसवावे लागले. आपल्याला तेही नको. वीस रुपयांची वही आणि एक पेन पुरे.

येत्या ज्येष्ठ शुद्ध पंचमीला बस्तीत शास्त्रजींची पूजा होईल, ग्रंथांना नवीन वेष्टनं चढतील. त्याच दिवशी तुमच्या गावची वही उघडा. पहिलं पान कुणाचं, ते ठरवायला चार म्हाताऱ्या आज्यांना बोलवा आणि त्यांना बोलू द्या. एकीने लिहून घ्या. नाव विचारताना "यांच्या कोण?" असं विचारू नका. "आज्जी, तुमचं माहेरचं नाव काय?" असं विचारा. आमच्याकडे एक आज्जी त्यावर बराच वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "ह्ये कुणी इचारलंच न्हाई गं आजवर."

ते आम्ही लिहून ठेवलं आहे.